हिवरखेडचं जेवण

कबड्डीच्या पंचाला आपल्याकडे दोन गोष्टी हमखास मिळतात. सामन्याआधी नारळ आणि सामन्यानंतर शिव्या. अमरावतीच्या साईनगरात राहणाऱ्या गजेंद्र कोरडे सरांनी दोन्ही भरपूर कमावल्या. नारळ घरी जायचे आणि त्यांची बायको सीमा त्यांची चटणी करायची. शिव्यांचं काय करायचं हे मात्र सरांना कधी कुणी शिकवलं नाही. त्या पोटातच राहिल्या.

सर एका शाळेत खेळ शिकवायचे. दसऱ्यापासून होळीपर्यंत एकही रविवार त्यांचा स्वतःचा नसायचा. आज धारणी, पुढच्या आठवड्यात पातूर, मग आणखी कुठलं तरी गाव. एसटीनं जा, जीपमध्ये लटका, नाहीतर कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसा. उन्हात दिवसभर उभं राहून दुसऱ्यांच्या पोरांचे पाय बघायचे आणि संध्याकाळी हरलेल्या गावाची तोंडं चुकवत परत यायचं. याला छंद म्हणावं तर छंदात माणूस हसतो तरी. पण सरांना त्यात मान वाटायचा, आणि तो मान त्यांनी एका डब्यावर टिकवला होता.

त्या डब्याची गोष्ट अशी. गावात सामने भरले की पंचाचं जेवण गावातच, कुणा ना कुणाच्या घरी. पंचाला उपाशी धाडलं तर गावाचं नाक कापलं जातं. पण सरांना शिट्टी धरायला शिकवली ती पातूरच्या देवीदासजींनी, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ज्या गावात शिट्टी, त्या गावात पानीबी आपलंच प्याचं. मीठ पोटात गेलं का डोयात उतरते." सरांनी मनाशी खूणगाठ बांधली. तेव्हापासून स्टीलचा डबा आणि पाण्याची बाटली घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडले नाहीत. गाव पाटवड्यांचा रस्सा करून वाट बघायचं आणि सर मैदानाच्या कडेला बाभळीखाली बसून सीमाच्या हातची पोळीभाजी खायचे. लोक रुसायचे, 'डबेवाले पंच' म्हणून हसायचे. पण भांडण पेटलं की तेच लोक म्हणायचे, "कोरडे सरांनं देल्लं न? मंग देल्लं. चाला, खेया."

यंदाचा हंगाम मात्र वाईट गेला. एका गावात अंगावर चप्पल आली. दुसऱ्या गावात ज्या मोटरसायकलवर ते आले होते तिच्या दोन्ही चाकांची हवा सोडली होती, आणि गाडी ढकलत नेताना मागून पोट्टे शिट्ट्या मारत होते. त्यात आता हातोहाती मोबाईल. पूर्वी शिवी गावाच्या वेशीपाशी थांबायची, आता ती सरांच्या आधी अमरावतीला पोचायची. सरांची झोप गेली. घरात कुकरची शिट्टी झाली की त्यांचा हात आपोआप वर जायचा. पहिल्यांदा सीमा पोट धरून हसली. मग तिचं हसू आटलं आणि ती भात पातेल्यात शिजवायला लागली.

"बस करा न आता," ती म्हणायची. "काय भेटते तुमाले तेथी?"

"मी सोडलं तं उभं कोन राहीन?" सर विचारायचे. आणि ते खरंच होतं. नवीन पोरं पंचाची परीक्षा पास व्हायची, दोन सामने करायची, आईबहिणीवरच्या शिव्या ऐकायची आणि पुन्हा दिसायची नाहीत. म्हणून जुन्यांनाच जुंपलं जायचं.

संक्रांतीनंतर हिवरखेडला सामने होते. आदल्या रविवारी धारणी, मधे शाळेचं संमेलन, अंगात कणकण. अकोटला गाडी बदलताना सर अर्धवट झोपेत उतरले आणि डबा वर फळीवरच राहिला. एसटी गेली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. बाटलीही त्याच पिशवीत. हिवरखेडला पोचल्यावर सकाळचे सामने त्यांनी उपाशीपोटी केले. दुपारी अंतिम सामन्याआधी सुट्टी झाली, आणि ते मैदानामागच्या गल्लीत सावली बघत उभे असताना त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

समोरच्या ओट्यावर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं वर बघितलं.

"अवो भाऊ, पडसान न तेथी! या, बसा सावलीत."

"नाही मावशी, मी ठीक हाव."

"ठीक असते तं भिंतीले धरून उभे रायले असते काय? या म्हन्लं न."

चतुराबाई तिचं नाव. तिनं पाण्याचा गडवा दिला, आणि सर प्यायले. मग तिनं ताट पुढे सरकवलं. ज्वारीची गरम भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा, कांद्याची पात, वाटीत ताक. सरांनी एकदा ताटाकडे बघितलं, एकदा गळ्यातल्या शिट्टीकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी शिट्टी शर्टाच्या आत टाकली आणि ते जेवले. दोन भाकरी खाल्ल्या. ताकसुद्धा मागून घेतलं. भरीत इतकं चांगलं होतं की त्यांना रडू येईल असं वाटलं, आणि का ते मात्र कळलं नाही.

अंतिम सामना हिवरखेड विरुद्ध दर्यापूरकडचा एक संघ. शेवटपर्यंत बरोबरी. शेवटची चढाई हिवरखेडच्या नितेशची. लांब पायांचा, चपळ गडी. त्याच्या चढाईला गाव श्वास रोखून धरायचं. सर उजव्या बाजूच्या रेषेवर उभे होते. नितेशनं मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला, आणि दोरीपलीकडून एक ओळखीचा आवाज आला, "जाय माह्या नातवा! जपून रे बापा!"

चतुराबाई. हात वर करून, पदर खोचून, गर्दीच्या अगदी पुढे.

त्याच क्षणी नितेश उजव्या कोपऱ्यात घुसला, कोपऱ्यातल्या गड्यानं त्याच्या घोट्याकडे झेप घेतली, नितेश मागे सरकला, धूळ उडाली. सरांची शिट्टी वाजली. हात वर गेला. पाय रेषेबाहेर, चढाई बाद, गुण दर्यापूरला. तोवर सगळे एकमेकांवर कोसळले होते आणि रेषेची पांढरी फक्की मातीत अशी मिसळली होती की तिथे रेषा होती हेही कुणाला सांगता आलं नसतं.

मग जे व्हायचं ते झालं. गाव मैदानात उतरलं. सरांना शाळेच्या खोलीत कोंडून वाचवावं लागलं. नितेश मात्र आपल्या पायाकडे बघत उभा होता, एवढं सरांनी खिडकीतून पाहिलं.

घरी पोचेपर्यंत 'बिकाऊ पंच' नावाचा व्हिडिओ साऱ्या जिल्ह्यात फिरला होता. शिव्यांची सरांना सवय होती. घोळ वेगळाच झाला होता. त्यांनी व्हिडिओ पाहिला, आणि नेमक्या त्या क्षणी कुणाची तरी टोपी मोबाईलसमोर आली होती. पुन्हा पाहिला. टोपीच. मग त्यांनी डोळे मिटून स्वतःलाच विचारलं, बाबा गजेंद्र, तुला पाय दिसला का? आणि त्यांना भरताचं ताट दिसलं. चतुराबाईचा वर गेलेला हात दिसला. आपला स्वतःचा हात दिसला. पाय तेवढा दिसेना.

आता हे काय झालं? मीठ डोळ्यांत उतरतं म्हणतात. पण मिठाला जागणाऱ्या माणसानं निर्णय नितेशच्या बाजूनं दिला असता. सरांनी तर विरुद्ध दिला. म्हणजे ते सच्चे ठरले? की जिचं खाल्लं तिचाच नातू आहे हे कळताच ते घाबरले, आणि कुणी मिंधा म्हणू नये म्हणून त्यांनी हात वर केला? पाय बाहेर गेला म्हणून शिट्टी वाजली, की शिट्टी वाजली म्हणून पाय बाहेर गेला? एका बाजूनं विचार केला की सर साधू निघायचे, दुसऱ्या बाजूनं चोर. दर्यापूरहून एकाचा फोन आला, "काय नजर हाये सर तुमची!" त्या रात्री तर त्यांना अजिबात झोप लागली नाही.

शाळेत दोन पोरं भांडत आली, "सर, यानं मले मारलं," "सर, यानंच आधी मारलं." सरांनी दोघांची तोंडं नीट बघितली आणि हेडमास्तरांकडे पाठवून दिलं. बाजारात वांगी घ्यायला गेले, तर कोणतं वांगं किडकं आणि कोणतं चांगलं हे ठरेना. भाजीवाली शेवटी म्हणाली, "घ्याचं असन तं घ्या, नाहीतं वांग्याले तरी मोकळं सोडा." ते मेथी घेऊन घरी आले. माणूस थकतो तेव्हा पाय दुखतात, कंबर दुखते, हे आपल्याला ठाऊक असतं. पण थकून थकून माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचाच विश्वास उडतो, याला कुठल्या वैद्याकडे न्यायचं?

त्यांनी देवीदासजींना फोन लावला. म्हातारबुवांना आता कमी ऐकू यायचं. सरांनी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. डबा, म्हातारी, ताट, पाय.

"भरीत होतं म्हनतं?" देवीदासजींनी विचारलं.

"होय जी."

"मंग तू तरी काय करशीन!" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. हा माफीचा निकाल होता की शिक्षेचा, तेही सरांना कळलं नाही.

अशातच अकोल्याच्या सामन्यांचे खुशालराव यांचा फोन आला. पंचांच्या नेमणुका तेच करायचे.

"सर, रविवारी येथी अकोल्यात हिवरखेडच्या संघाचा सामना तुमच्याकडं ठेवला बरं. तुमच्याशिवाय कोनी उभं राहाले तयार नाही."

"मी? हिवरखेडचा?"

"अन् घाबरू नका, ते नितेश पोट्टं येत नाही. खेयनंच सोडलं म्हने त्यानं. तवापासून मैदानात पाय नाही ठेवला."

आजवर सरांच्या निर्णयानं संघ हरले होते, गावं रुसली होती. पण कुणी खेळणं सोडलं नव्हतं. आणि तेही ज्या पायाविषयी त्यांना स्वतःला खात्री नव्हती, त्या पायासाठी. त्यांना एकदम वाटलं, शिट्टी उचलून नालीत टाकावी. सीमानं सगळं ऐकलं होतं. तिनं त्यांचा नवीन डबा भरून पुढ्यात ठेवला.

"जाऊन या तेथी."

"जाऊन काय इचारू त्याले?"

"ते मले काय मालूम? पन येथी बसून तो पाय काय दिसनार हाये तुमाले? रविवारी उभं राहाचं का नाही, हे तुमालेच ठरवा लागन. मंग पाहून तं या."

सर निघाले. अकोटला उतरताना या वेळी त्यांनी डबा छातीशी धरला होता. हिवरखेडच्या त्या गल्लीत चतुराबाई ओट्यावरच होती. तिनं त्यांना ओळखलं, आणि शिव्या देईल म्हणून सर आधीच मान खाली घालून उभे राहिले.

"आले काय भाऊ? तब्येत बरी हाये न आता?"

सरांनी तोच प्रश्न विचारला जो त्यांना जाळत होता. "मावशी, त्या दिवशी तुमाले मालूम होतं काय, मी पंच हाव म्हून?"

"मालूम नाही काय? शिट्टी गयात लोंबून रायली होती न."

"मंग नितेश तुमचा नातू हाये हे सांगतलं कावून नाही?"

चतुराबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं जसं वर्गातल्या अगदीच मठ्ठ पोराकडे बघतात. "सांगतलं असतं तं तुमी जेवले असते काय?"

गावच्या मागे संत्र्याच्या बागेत नितेश आहे असं तिनं सांगितलं, आणि सर तिकडे गेले. नितेश अनवाणी उभा राहून झाडांच्या आळ्यांत पाणी सोडत होता. सरांना बघून त्यानं फावडं खाली ठेवलं.

"नमस्ते सर."

"नितेश, खेयनं सोडलं म्हने तू."

"होय सर."

"माह्यामुळं?"

"नाही सर!" तो घाईघाईनं म्हणाला. "तुमचा काय दोष? तुमाले दिसलं ते तुमी देल्लं." त्याचं पाणी आळ्याबाहेर वाहत चाललं होतं, त्याकडेही त्याचं लक्ष नव्हतं. "सर, सारं गाव म्हनते पाय रेषेबाहेर लागला नाही, पंच खोटं बोलला. पन मले सोतालेच मालूम नाही. लागला का नाही, काहीच समजलं नाही मले. तुमचा हात पायला तवा मी म्हन्लं, लागला असन. डबेवाले सर खोटं कशाले बोलतीन? पन तवापासून रेषेजवळ गेलो का माहे पाय थरथरते. आपलाच पाय कोठी पडला हे ज्याले समजत नाही, त्यानं काय खेयाचं?"

एवढे दिवस सर ज्याच्या पायात उत्तर शोधत होते, तो त्यांच्या हातात उत्तर शोधत होता. आता 'लागला होता' म्हणावं, तर पंच वाचत होता आणि गडी जात होता. 'नव्हता लागला' म्हणावं, तर ते तरी कुठे ठाऊक होतं! त्यांना पळून जावंसं वाटलं, अगदी खरंच. इतक्या वर्षांत त्यांनी एकाही गड्याला 'मला कळलं नाही' असं म्हटलं नव्हतं. पंचानं म्हणायचंच नसतं ते.

"नितेश," ते म्हणाले, "मलेबी मालूम नाही."

"म्हंजे?"

"पाय मले दिसला का नाही, हे मले आठवत नाही. मी लय पायलं आठवून. नाही आठवत."

नितेशचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "मंग हात कावून वर केला सर?"

सरांनी खूप विचार केला. थकलो होतो हे खरं होतं. घाबरलो होतो हेही खरं असेल. पण त्यातलं नेमकं कोणतं, ते त्यांना कळत नव्हतं, आणि न कळता काही बोलायचं नाही असं त्यांनी आत्ताच ठरवलं होतं.

"नाही सांगता येत मले," ते म्हणाले.

नितेशनं फावडं उचललं, आणि क्षणभर सरांना वाटलं, आता डोक्यात पडतं. त्यानं वाहत चाललेलं पाणी वळवलं, दुसऱ्या आळ्याचं तोंड फोडलं, मातीवर दोनचार घाव जास्तच जोरानं घातले. एकदा स्वतःशीच काहीतरी अस्सल वऱ्हाडी शिवी पुटपुटला. ती सरांना होती की नशिबाला, कोण जाणे. मग तो चिखलातल्या आपल्या पायांकडे बघत म्हणाला,

"म्हंजे पाय चांगलाबी असन माहा."

"असू शकते."

"लागलाबी असन."

"असू शकते."

तो एकदम हसला. रागातच हसला, पण हसला. "चाला, आजी वाट पाहून रायली असन. जेवाची वेळ झाली."

चतुराबाईनं दोन ताटं वाढून ठेवली होती. सरांच्या पिशवीत सीमाचा भरलेला डबा होता. त्यांनी तो बाहेर काढला, मांडीजवळ ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. म्हातारी त्यांच्याकडे बघत होती, नितेशही बघत होता. कुणीही 'घ्या' म्हणालं नाही. सरांनी डबा तसाच बाजूला सरकवला, शिट्टी गळ्यातून काढून डब्यावर ठेवली आणि भाकरीचा तुकडा मोडला. त्या दिवशीही भरीतच होतं.

हात धुतल्यावर त्यांनी ओट्यावरून खुशालरावांना फोन लावला.

"खुशालराव, रविवारी मी येतो. बाकीचे सामने द्या. हिवरखेडचा तेवढा दुसऱ्या कोनाले द्या."

"काहून जी? त्या व्हिडिओमुळं काय?"

"नाही. मी त्यायच्या घरी जेवलो."

पलीकडे खुशालरावांना काही समजलं नाही. आतून नितेशचा आवाज येत होता, कुणाला तरी फोनवर सांगत होता, सायंकाळी मैदानात फक्की टाकून ठेव म्हणून. गजेंद्र कोरडे यांना तरी सगळं कुठे समजलं होतं? पाय लागला की नाही, तो घोळ त्यांच्या मनात तसाच राहिला आणि पुढेही राहणार होता. पण आपण आज जेवलो, दोन भाकरी खाल्ल्या, ताक मागून घेतलं, एवढं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याबद्दल त्यांना अजिबात शंका नव्हती.